धावणारे पाय

एका पोराच्या मोठं होण्यावर दिग्दर्शिका शाल्मलीनं सिनेमा केला. निर्माते भाऊसाहेब घाटगे तिशीतल्या लेकाला, युवराजला, घेऊन तो बघायला आले आणि मध्यंतरातच कडाडले, "हे चुकणं, रुसणं, भांडणं सगळं काढा. पोरगं धावतंय, नुसते पाय दाखवा, कॅमेरा वर न्या, की झाला बाप्या. नाहीतर सिनेमा डब्यात."

तेवढ्यात चहा आला. शाल्मलीनं विचारलं, "युवराज, तुम्हाला साखरेचा की बिनसाखरेचा?"

युवराजनं वडिलांकडं पाहिलं.

"साखरेचाच द्या त्याला," भाऊसाहेब म्हणाले.

शाल्मली शांतपणे म्हणाली, "यांचंही मधलं सगळं तुम्ही काढून टाकलेलं दिसतंय, भाऊसाहेब."



"मला बिनसाखरेचा," युवराज म्हणाला. "आणि बाबा, सिनेमा आहे तसाच राहील."