सावल्यांची हजेरी

त्या मुलखात ऊन बारमाही होते, आणि ज्याची सावली पडेल तोच हजर समजला जाई.

हा नियम थंड देशातल्या करकोच्यांचा. मुलखातल्या एकुलत्या एका विद्यापीठाची पारख करायला ते दूरवरून उडत येत. उंचावरून पाहिले तर इथले सगळे प्राणी मातीच्याच रंगाचे. कोण बसले आहे, कोण नाही, काही उमगत नसे. सावल्या मात्र काळ्याभोर उठून दिसत. तेव्हा करकोचे आकाशात घिरट्या घालत सावल्या मोजत आणि त्यावरून विद्यापीठाचा दर्जा ठरवून परत जात. पहिल्या पिढीने ही पद्धत सोय म्हणून पत्करली होती. पुढच्या पिढ्यांना ती सोय होती हेच ठाऊक नव्हते.

विद्यापीठ एका तांबड्या टेकडीवर होते. प्रत्येक विषयाला दगडी चौथरा दिलेला होता आणि चौथऱ्यावर विद्यार्थ्यांच्या रांगा. पारखीच्या वेळी रांगेत एक जरी जागा बिनसावलीची दिसली, तरी तो विषय बंद करून चौथऱ्याचे दगड दुसरीकडे लावले जात. कुलगुरू होते धनेश. त्यांच्या चोचीवर दुसरी चोच ठेवावी तसे शिंग होते, आणि ते आतून पोकळ असल्यामुळे आवाज फार भारदस्त निघे. कुलसचिव खेकडा. तो कुणाच्याही दालनात समोरून येत नसे, आणि आला तरी कुठून आला हे कळत नसे.

या टेकडीवर साळिंदरबाई भूगर्भ शिकवीत. मुळे कुठवर जातात, पाणी कुठे मुरते, कोणती जमीन ते धरून ठेवते, हा त्यांचा विषय. बाई हुशार होत्या, पण होत्या तासिका तत्त्वावर. म्हणजे टेकडीवर त्यांचे स्वतःचे बीळ नव्हते. तास असेल त्या दिवशी कुणाच्या तरी सोडलेल्या बिळात टेकायचे आणि तास संपला की ते मोकळे करायचे. "पुढची पारख होऊ दे, मग तुमचे कायमचे बघू," असे धनेश दर पारखीनंतर म्हणत. विषय बंद पडला तर मात्र टेकडी उतरावी लागणार होती, आणि खाली कोल्हे होते. बिळाविना राहिलेल्या साळिंदराचे काय होते, हे पायथ्याशी विखुरलेले काटे सांगत.

अशा नोकरीत संशय आपोआप अंगी मुरतो. बाईंना समोरून कुणी हसले तर त्या मागे वळून पाहत. कुणी रामराम घातला तर हा आज का घातला, याचा दिवसभर विचार करीत. खेकडा तर त्यांना झोपेतही दिसे.

विद्यापीठात संशोधनही जोरात चाले. प्रत्येक अध्यापकाने वर्षाकाठी अंगावरून उतरलेले काहीतरी सावरीच्या झाडावर टांगायचे, अशी रीत होती. नागाची कात, झिंग्याचे कवच, फुलपाखराने टाकलेला कोश. आत काय होते हे विचारायचे नाही, कारण आतले तर केव्हाच निघून गेलेले असे. मोजायचे ते टांगलेले. एका सरड्याने नागाची कात आपल्या नावावर टांगली. ती त्याच्या अंगाच्या कितीतरी पट लांब निघाली, तेव्हा त्याचा झेप घेणारा संशोधक म्हणून सत्कार झाला. बाई दरसाल आपले गळलेले काटे टांगत. ते खरोखर त्यांचेच असत, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी फारसे बघत नसे.

हळूहळू बाईंच्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. मुलखातली तरणी पोरे खाडीपलीकडे ओझी वाहायला चालली होती. टेकडीच्या पायवाटेवर गवत उगवले होते. तरीही त्यांचा चौथरा भरलेला असे. मागच्या रांगा तर इतक्या शिस्तीच्या की कुणी खोकतसुद्धा नव्हते. बाईंनी आधी स्वतःचीच समजूत घातली, की आपण बरे शिकवतो आहोत. पण ती समजूत फार दिवस टिकली नाही. एवढे बरे आपण शिकवत नाही, हे त्यांना मनातून ठाऊक होते.

त्याच सुमारास पुढच्या रांगेत पाच-सहा बेडक्या येऊन बसू लागल्या. खालच्या तळ्यावरच्या. त्यांच्या कुळात टेकडी चढलेले कुणी नव्हते. पहाटे तळ्यावरची कामे उरकून, अंगाला ओला चिखल थापून त्या यायच्या आणि चिखल सुकायच्या आत परत जायच्या. त्यांच्यातली इंदी नावाची बेडकी बोलायला धीट होती.

"बाई, एक विचारू का?" ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "आमचं तळं दर साली आटत चाललंय. पाणी जातंय कुठं?"

बाईंच्या अंगावरचे काटे उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना एकाही विद्यार्थ्याने प्रश्न विचारला नव्हता. विद्यार्थी प्रश्न विचारत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. प्रश्न विचारते ती चौकशी समिती. ही खेकड्याने पाठवलेली आहे, हे त्यांनी त्या क्षणी नक्की केले.

"अभ्यासक्रमात आहे तेवढेच विचारावे," त्या म्हणाल्या.

"तळं न्हाई का अभ्यासक्रमात?"

"नाही."

इंदी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिने तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला. बाईंचा संशय त्यामुळे आणखी पक्का झाला. खरे तर उत्तर त्यांना येत होते. टेकडीच्या उतारावरची खोल मुळांची झाडे तोडून तिथे चौथरे बांधले, तेव्हापासून पाणी मुरायचे थांबले होते. त्यांनी ते शोधून काढले होते आणि सांगायला कुणी मिळाले नव्हते. आता मिळाले, तर ते हेर निघाले. बाईंना याचे वाईट वाटले, आणि वाईट वाटते आहे म्हणून स्वतःचाही राग आला.

एकदा शिकवता शिकवता त्या सहज मागच्या रांगेकडे गेल्या. तिथे एक मोठा नाग फणा काढून, मान ताठ करून ऐकत बसला होता. बाईंनी नाक जवळ नेले. वाळक्या गवताचा वास आला. त्याच्या शेजारच्या झिंग्यालाही तोच वास. पुढच्या घोरपडीलाही. सावरीवर टांगलेले मागल्या सालचे संशोधन खाली उतरवून, त्यात गवत ठासून, काडीचा टेकू देऊन ते रांगांत बसवलेले होते. त्यांच्या सावल्या मात्र अगदी खऱ्या होत्या.

"हजेरी पूर्ण आहे ना, बाई?" चौथऱ्याच्या कडेवरून आवाज आला. खेकडा तिथे किती वेळ होता, कोण जाणे.

"पूर्ण आहे," बाई म्हणाल्या.

"मग वास कशाला घेता?"

आपल्या एकटीचाच चौथरा असा आहे की सगळेच, एवढे तरी विचारावे असे बाईंना वाटले. पण हा त्याचीच वाट बघत असेल, असेही वाटले. त्यांनी खाली पडलेली गवताची काडी उचलली आणि नागाच्या तोंडात परत सरकवली. खेकडा प्रसन्न झाला. "बाई आपल्यातल्या आहेत," असे तो त्या दिवशी धनेशांजवळ म्हणाला, आणि हे बाईंना कळेल अशी व्यवस्थाही त्याने केली.

करकोचे नेहमी थंडीत येत. त्या साली गवत भरायचे काम रेंगाळले, म्हणून धनेशांनी मुदतवाढ मागितली. ती मिळाली, तेव्हा आणखी मागितली. असे करता करता उन्हाळा आला आणि पारखीचा दिवस पडला तो नेमका टेकडीच्या जुन्या सुट्टीचा. ही सुट्टी फार पूर्वीपासून पाळली जाई. त्या दिवशी दुपारी कुणी उघड्यावर येत नसे, सगळे बिळांत, ढोलींत झोपून राहत. का, हे आठवणारे कुणी उरले नव्हते. धनेशांनी ती रद्द केली. पाहुण्यांना आपण सुट्टीदिवशीही शिकतो हे दिसावे, असा त्यांचा विचार होता, आणि त्यासाठी त्यांचे अभिनंदनही झाले.

सकाळपासून सगळे चौथरे सजले. बाईंच्या चौथऱ्यावर गवताचे विद्यार्थी मागे आणि बेडक्या पुढे, अशी रचना होती. पुढे थोडे हलणारे असावे, असे खेकड्याचे मत पडले. सूर्य माथ्यावर आला तेव्हा करकोच्यांचा थवा दिसला. धनेशांनी शिंग सरळ केले. थव्याने एक घिरटी घातली, मग दुसरी. मग बराच वेळ तो नुसताच फिरत राहिला.

खाली कुणाचीच सावली नव्हती. नागाची नव्हती, घोरपडीची नव्हती, बेडक्यांची नव्हती. सूर्य इतका नेमका डोक्यावर उभा होता की प्रत्येकाची सावली त्याच्याच पोटाखाली जाऊन दडली होती. सूर्यावर संशोधन करणारे विद्यापीठात कितीतरी होते, पण त्या दुपारी ते आजवर झोपलेले असत. रिकामी टेकडी पाहून थवा खाली उतरला.

"इथे कुणीही हजर नाही," थोरला करकोचा करड्या आवाजात म्हणाला. "नियमाप्रमाणे सगळेच चौथरे बंद."

बाईंच्या डोळ्यांपुढे पायथ्याचे कोल्हे उभे राहिले. धनेश मात्र मुरलेले होते. ते वाकून नम्रपणे पाहुण्यांच्या पायांकडे बघत राहिले. थोरल्याने त्यांच्या नजरेचा माग धरून खाली पाहिले. त्याची स्वतःचीही सावली नव्हती. त्याने एक पाय उचलला, दुसरा उचलला, आणि त्याची मान आखडली. त्याच्या देशात असे कधी कुणाचे झाले नव्हते.

"नियमाप्रमाणे," धनेश हळूच म्हणाले, "आपणही अजून यायचे आहात. तोवर आमराईत जेवून घ्यावे. माशांची व्यवस्था आहे."

करकोच्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते जेवायला गेले. सावल्या परत येईपर्यंत कुणीही जागचे हलायचे नाही, असा हुकूम खेकड्याने चौथऱ्याचौथऱ्यावर फिरवला.

ऊन मी म्हणत होते. पायाखालचा दगड तव्यासारखा तापला. दुसऱ्या चौथऱ्यांवरचे जे चार जिवंत होते, ते सावरीवरचे उरलेसुरले आपल्या जागी ठेवून एकेक करून गुपचूप सटकले. गवताचे विद्यार्थी निश्चल होते. बेडक्यांच्या अंगावरचा चिखल वाळून गळून पडला. एकीच्या पाठीला भेग गेली.

"बाई, आमाला तळ्यावर जाऊ द्या," इंदी म्हणाली. "कातडं तडकतंय."

बाईंच्या मनात पहिल्यांदा आले ते हेच, की या करकोच्यांकडे जाणार. आमराईत जाऊन सगळे सांगणार. म्हणूनच तर यांना पाठवले होते.

"थोडे थांबा," त्या म्हणाल्या. "सावली येईलच आता."

"तवर आमी ऱ्हानार न्हाई, बाई."

भेग गेलेली बेडकी डोळे मिटून पडली होती. बाई तिच्याजवळ वाकल्या. सवयीने त्यांनी वास घेतला. गवताचा नव्हता. तळ्याच्या मातीचा होता, आणि तोही विरत चालला होता. त्या क्षणी त्यांना कळले, की या मुलींना कुणीही पाठवलेले नव्हते. त्या शिकायला आल्या होत्या. नुसत्या शिकायला. बाईंना इतकी लाज वाटली की त्यांचे सगळे काटे अंगाला चिकटले.

"जा," त्या म्हणाल्या. "हिला उचला आणि पळा. तुमचे पाणी या चौथऱ्यांनी अडवलेय. उतारावर पुन्हा झाडे लावा, खोल मुळांची. जा आता."

इंदीने मैत्रिणीला पाठीवर घेतले. दोन उड्या मारून ती थांबली, वळली. "बाई, तुमी बी चला की. तळ्याच्या काठाला जागा हाय. वल्ली माती हाय, बीळ लगेच होतंय."

बाईंनी उताराकडे पाहिले. वाट फार लांब नव्हती. मग त्यांनी चौथऱ्याकडे पाहिले. पुढची रांग रिकामी झाली होती. आमराईतून करकोचे बाहेर पडत होते, आणि मागच्या नागाच्या पायथ्याशी सावलीची एक बारीक काळी कड फुटली होती.

"तुम्ही व्हा पुढे," बाई म्हणाल्या. "मी येते मागून."

बेडक्या उतारावरून दिसेनाशा झाल्या. बाईंनी सगळ्यात मागची अपुरी रांगच मोडली, तिच्यातले विद्यार्थी उचलून पुढे आणले, पुढची रांग भरत आणली. कडेची एकच जागा राहिली. तिथे ठेवायला आता काही नव्हते.

करकोचे जेवून जड झाले होते, म्हणून त्यांनी उडण्याऐवजी चालत मोजायचे ठरवले. थोरला प्रत्येक विद्यार्थ्याला चोचीने हलकेच टोचून बघत होता आणि कुणी हलत नाही हे पाहून मान डोलावत होता. "काय शिस्त आहे," तो धनेशांना म्हणाला. धनेश लाजले. खेकडा गवताची जुडी घेऊन त्यांच्या मागोमाग चालत होता आणि जिथे कुणाचे पोट फाटलेले दिसेल तिथे पटकन भरत होता.

ते रांगेच्या कडेशी आले. तिथे एक साळिंदर उभे होते. डोळे उघडे, काटे नीट बसवलेले, पायाशी चांगली ठसठशीत सावली. थोरल्याने त्याच्या बरगडीत चोच टोचली. जरा जोराने टोचली. ते हलले नाही.

"हे सगळ्यात उत्तम जमले आहे," तो म्हणाला आणि पुढे गेला.

टोचले होते तिथून काहीतरी ओघळत होते. खेकड्याने ते निरखून पाहिले, जुडीतून मूठभर वाळके गवत उपसले, आणि त्या जागी आत दाबून बसवले.