ढुंढेचा शेवट

"पण पोरांना घाबरवलं तर बिघडलं कुठं, बुवा?"

विश्रामने तिसऱ्यांदा विचारलं. धाकूबुवा देवळाच्या पायरीवर बसून निवांत सुपारी कातरत होते.

"बिघडलं असं मी म्हटलं का?"

"मग हो तरी म्हणा! आज होळीपुढे ढुंढेची गोष्ट मी सांगायची की नाही?"

बुवांनी दुसरी सुपारी अडकित्त्यात धरली.

यंदा बुवांचा आवाज पार बसला होता. विश्राम चार वर्षं त्यांच्याकडे सणावारांच्या गोष्टी शिकत होता, आणि त्यांच्या जागी बसायचं एवढं एकच वेड त्याच्या डोक्यात होतं. आज नाही म्हणाले, तर उद्या गाठोडं उचलून चालू पडायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. गडी मोठा तोऱ्याचा!

आता ढुंढा म्हणजे पोरांना छळणारी राक्षसीण. शस्त्राने मरेना, ऊनपावसाला भिईना. शेवटी पोरांनीच आग पेटवली, बोंबा ठोकल्या आणि तिला गावाबाहेर पिटाळलं. शिमग्याची बोंब तेव्हापासूनची. पण एवढ्यावर विश्रामचं समाधान होतंय कसलं! बुवांच्या तोंडून ही गोष्ट त्याने कधी ऐकली नव्हती, कारण दर शिमग्याला तो आपल्या गावी जायचा. त्याने आपली ढुंढा आपणच रचली होती.

"माझी ढुंढा पळत नाही," तो म्हणाला. "पोर ओरडलं की ती त्याचा आवाज गिळते. शेवटी सगळा गाव मुका. ऐकाल तर अंगावर काटा येईल!"

"असं?" बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. "सांग बघू."

"तुम्हांला?"

"मला कशाला? ते बघ, गोष्टीचे मालक आले."

होळीसाठी कुणाच्या तरी कुंपणाचं लाकूड पळवून पोरं ओढत आणत होती. बुवांनी त्यांना खुणेने बोलावून समोर बसवलं.

विश्रामने आधीच दम भरला. "गोष्ट संपेपर्यंत कुणी बोंब मारायची नाही. कळलं?"

शिमग्याच्या दिवशी! बुवांनी नुसतं वर पाहिलं.

पण काय सांगितली पठ्ठ्याने! भर दुपारी ढुंढा गावात शिरली, तर तिला सावली नाही. काखेत तोंड बांधलेलं मडकं, आणि मडक्यात गिळलेले आवाज कण्हताहेत. आई लेकराला हाक मारते. लेकरू तोंड उघडतं... आणि काहीच येत नाही.

पोरं एकमेकांना चिकटली. एकाच्या हातातला गूळ हातातच राहिला. बुवांचा हात नकळत गळ्याकडे गेला. ते पाहून विश्राम मनातून असा फुलला की विचारू नका.

"आता शेवटचं घर," तो कुजबुजला. "ढुंढेने कडी काढली... दार ढकललं... आणि आत..."

तो थांबला. सगळीकडे चिडीचूप.

कुंभाराची कस्तुरी उभी राहिली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिने पालथी मूठ तोंडाला लावली आणि अशी बोंब ठोकली, की देवळातली कबुतरं उडाली.

"गप्प!" विश्राम ओरडला. "तुझा आवाज गिळलाय ना तिनं?"

"माझा नाही गिळला!"

झालं! सगळी पोरं उठली. बोंबांवर बोंबा. कुत्री भुंकू लागली. बुवासुद्धा बसक्या आवाजात सुरू झाले.

"बुवा, तुम्ही तरी!" विश्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांची मेहनत मातीत गेली, जागा गेली. "अहो, शेवट राहिलाय!"

कस्तुरीने त्याचं धोतर ओढलं. "विश्रामदादा, तू का गप्प? ती बघ, तुझ्या मागं!"

विश्राम गर्रकन वळला.

मागे कुणी नव्हतं. पण छाती धडधडली, हे खरं. दुसऱ्या क्षणी त्याची मूठ तोंडाला लागली आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडला. एकदा, दोनदा, दहादा... मग हसू फुटलं आणि आवरेना. पोरांबरोबर तोही नाचला. एवढा आनंद त्याला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

पोरं लाकूड ओढत निघून गेली. बुवांनी आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून विश्रामच्या खांद्यावर टाकलं.

"संध्याकाळी लवकर ये. माझ्या जागेवर बस."

विश्रामने वाकून पाय धरले. पण स्वभाव कुठं जातो?

"बुवा... शेवट मात्र राहिलाच हो."

बुवांनी सुपारी तोंडात टाकली.

"चाळीस शिमगे झाले, बाबा... माझाही राहतोच आहे."