रेणीचा मोडका पंख

त्या मुलखाच्या माळावर आभाळातून उतरलेलं एक अजस्र काहीतरी फिरत असे. त्याचे पाय टेकड्यांएवढे होते. ते कुठून आलं, कुठे निघालं, कोणालाच ठाऊक नव्हतं. टिटव्या त्याला नुसतं 'ते' म्हणत आणि त्याच्या वाटेतून उडून बाजूला होत. एवढं जमलं की जगता येई.

रेणी टिटवीची झोप उडाली होती ती या 'एवढ्या'पायीच. तिच्या लेकीला, ठिपकीला, पिसं केव्हाच फुटली होती. बरोबरीची पिल्लं ओढ्यापलीकडे जाऊन येत होती. ठिपकी मात्र पंख उघडायचं नाव काढत नव्हती. रेणीने सगळ्या शहाण्यांना विचारून पाहिलं. एक म्हणे मुंग्या चारा, दुसरा म्हणे मुंग्या बंद करा. तिने दोन्ही करून पाहिलं.

"होईल गं," शेजारची भागाक्का म्हणे. "माझा थोरला असाच दगडासारखा बसून असायचा. आता घरी सापडेल तर शपथ!"

टिटव्यांची एक जुनी रीत होती. शत्रू दिसला की आईने पंख मोडल्याचं सोंग करून जमिनीवरून फरफटत निघायचं. शत्रू त्या सोप्या शिकारीमागे लागे आणि पिल्लू वाचे. रेणीचं सोंग साऱ्या माळावर नावाजलेलं होतं. ती घार दिसली की फरफटे, घारीसारखं काही दिसलं तरी फरफटे. आपण जरा अतीच करतो का, अशी शंका तिला येई. मग त्या शंकेच्या काळजीने ती आणखी एक फेरी फरफटून घेई. ठिपकीला सोडून उडणं तर तिच्या जिवावर येई. सगळी कामं ती चालतच उरके.

"जरा एकटी सोड तिला," तिचा नवरा राघो म्हणाला.

"आणि ते आलं म्हणजे?"

"ते आपल्याला खात नाही, रेणी. आपण आहोत हेच त्याला माहीत नाही."

"मग तर आणखीच वाईट!"

एका सकाळी ते आलं. माळ हादरला, भागाक्का सहकुटुंब उडाली, राघो वरून ओरडू लागला. रेणीने ठिपकीला दगडाआड दडवलं आणि डावा पंख मातीत लोळवत ती त्याच्या समोरून निघाली. विव्हळली, कोलमडली, पुन्हा उठली. इतकं अस्सल सोंग तिला आजवर साधलं नव्हतं. त्याने पाहिलंही नाही. एक पाऊल पलीकडे पडलं, आणि दुसरं सावकाश उचललं जाऊ लागलं.

रेणीने मागे पाहिलं. ठिपकी दगडाआडून निघून तिच्या मागोमाग येत होती. डावा पंख मातीत लोळत होता. आई जिथे कोलमडली तिथे लेकही कोलमडली, तशीच विव्हळून उठली. रेणी धावली. तिने चोचीने पंख चाचपला. जखम नव्हती. हाड शाबूत होतं.

"दुखतंय का गं?"

"नाही. आपला असाच असतो ना?"

त्यांच्यावर सावली आली.

"ठिपके, उड!"

ठिपकीने आईच्या मातीने माखलेल्या पंखाकडे पाहिलं आणि आपला पंख तसाच खाली टेकवला. रेणीला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यातलं काहीच सांगायला वेळ नव्हता. तिने दोन्ही पंख पुरते उघडले आणि लेकीला जमिनीवर एकटी सोडून ती वर उडाली. खाली पाहण्याचं तिचं धाडस झालं नाही. तिने डोळे मिटले. पाऊल पडलं. धूळ उसळली. राघोचं ओरडणं थांबलं.

मग तिच्या अगदी शेजारून, धापा टाकत, कोणीतरी म्हणालं, "आई, तुझा पंख बरा झाला? बघ ना, माझापण झाला!"