बस्त्यावचा नितळ पेला

आठवलं की अजून अंगाची लाही होते. वसईजवळच्या आमच्या वाडीत नऊ मुलांना कावीळ झाली, तरी बस्त्याव लोपीस विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकू देईना. विहीर काही त्याची नव्हती, सगळ्या वाडीची होती. पण हा चर्चच्या समितीचा प्रमुख, म्हणून त्याचा शब्द शेवटचा!

सरकारी दवाखान्यातली नर्स सिसिल पावडरचा डबा घेऊन आली, तेव्हा तो कठड्याला पाठ लावून उभा राहिला.

"दर सणाला फादर या विहिरीला आशीर्वाद देतात. तिच्यात औषध टाकायचं म्हणजे देवावर अविश्वास दाखवायचा!"

"काका, पाण्यात जंतू आहेत. तपासणीत निघालेत."

बस्त्यावने पोहरा ओढला, काचेचा पेला भरला आणि सगळ्यांसमोर उंच धरला. पाणी अगदी नितळ होतं.

"दाखव, कुठे आहे जंतू! जे डोळ्यांना दिसत नाही, ते मी मानत नाही."

आजारी मुलांचे आईबापसुद्धा माना खाली घालून गप्प! संताप आला तो याचाच.

सिसिलने विचारलं, "काका, रविवारी चर्चमध्ये मिस्साला श्रद्धेची कबुली देताना पहिल्या बाकावरून सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच म्हणता ना, देव दृश्य आणि अदृश्य सर्वांचा उत्पन्नकर्ता आहे?"

"म्हणतोच! चाळीस वर्षं म्हणतोय."

"मग आत्ता जे बोललात, ते येत्या रविवारी त्याच बाकावरून तेवढ्याच मोठ्याने म्हणा. म्हणणार असाल, तर मी डबा परत नेते."

बस्त्याव कठड्यापासून बाजूला झाला. पेल्यातलं ते नितळ पाणी मात्र त्याने प्यायलं नाही. हळूच केळीच्या बुंध्याशी ओतून टाकलं.