पालथे वीर

बसा त्या दगडांवर, डबा खा, फोटो काढा, कुणी काही म्हणणार नाही. फक्त पहार लावून उलटवायचे नाहीत. मागे एकदा कॉलेजची पोरं आली होती. म्हणाली, आजोबा, याच्या खालच्या अंगाला कोरीव काम आहे, एक तरी उताणा करून दाखवा. अरे बाबांनो, आम्हाला काय ठाऊक नाही? हे वीरगळ आहेत. दुसऱ्या गावांत ते उभे असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला धरून वर नेतायत, वर महादेवाची पिंड. आमच्या पाथरगोट्यातच तेवढे पालथे आहेत, आणि ते आमच्याच बायकांनी घातलेत.

फार पूर्वीची गोष्ट. राज्य कुणाचं होतं तेही कुणी सांगत नाही. त्या वेळी या गावात अंथरुणावर मरणं म्हणजे लाज होती म्हणे. म्हातारा खोकून गेला तर त्याला मागल्या दारानं काढायचे. गुरं राखताना, नाहीतर दुसऱ्याची पळवताना मेला, तर हलगी लावून मिरवणूक. त्याच्या नावानं दगड. आणि रडायचं नाही. बाईनं टिपूस गाळलं तर वीर वर जाता जाता अर्ध्या वाटेत अडकतो, असं मानायचे. आईनं हसऱ्या तोंडानं प्रेताला ओवाळायचं, बस्स.

गोमाई म्हणून एक बाई होती. नवरा असाच गेला, थोरला मुलगाही गेला. दोघांनाही तिनं ओवाळलं. उरला धाकटा, येसणा. त्याला मिसरूड फुटली तशी तिची झोप उडाली. हा राहावा, एवढंच तिला पाहिजे होतं, पण तसं बोलायची गावात सोय नव्हती. गावाचा म्होरक्या चांगो नाईक म्हणजे येसणाचा सख्खा चुलता. त्याचे दोन्ही मुलगे दगड होऊन उभे होते, आणि तो त्यांच्याकडे बोट दाखवून छाती फुगवायचा.

एका उन्हाळ्यात डोंगरापल्याडच्या लोकांनी गुरं वळवून नेली. नाईक माणसं घेऊन त्यांच्या पाठलागावर गेला. खिंडीत गाठ पडली. जागा अरुंद, मागं सरायला वाव नाही, त्यामुळं कुऱ्हाड पडली की माणूस उभाच चिरायचा. गोफणीच्या धोंड्यानं एकाचं डोकं नारळासारखं फुटलं. येसणाचा कान गालासकट उडाला आणि तो कड्यावरून खाली गेला. वरच्यांनी वाकून पाहिलं, संपला म्हणाले आणि गुरं हाकत परत आले.

प्रेत नसलं तरी त्या काळी अडत नव्हतं, दगड पुरायचा. नाईकानं पाथरवटाला बसवून दगड घडवून घेतला, उभा केला, शेंदूर फासला, बोकड कापून रक्त शिंपडलं. गोमाईनं दगडाला ओवाळलं. आणि तो शेंदूर ओला होता तोवर येसणा लंगडत वेशीतून आत आला.

तुम्हाला वाटेल, गावाला आनंद झाला असेल. कसला आनंद घेऊन बसलात! गावाची बोबडी वळली. माणूस पाठवला, असं देवाला सांगून झालं होतं. आता माणूस गेला नाही तर दगड आपल्या हातानं घेईल, एकाच्या जागी घराघरातून घेईल, अशी सगळ्यांना धडकी भरली. चांगो नाईक पुतण्याला समजावायला गेला, अगदी मायेनं. पुन्हा खिंडीत जा आणि पड, म्हणाला. माझी दोन्ही पोरं गेली, तू काय वेगळा आहेस?

गोमाईनं पोराला आत ओढलं, कणगीमागं दडवलं आणि दाराला अडसर घातला. लोकांनी दार कुऱ्हाडीनं फोडलं. येसणाला केसांना धरून बाहेर काढताना त्यानं उंबरा धरला, तर बोटं तिथंच वरवंट्यानं ठेचली. तेव्हा तो ओरडला, "आये, मला मरायचं नाही."

असं वाक्य या गावात त्याआधी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, असं सांगतात. मनात सगळ्यांच्याच असणार. ते ऐकून दोघंतिघं मागं सरले. नाईक नाही सरला. इथं, या झाडाखाली आणून पहिला घाव त्यानंच घातला. तलवार खांद्याच्या हाडात रुतली, पाय देऊन उपसावी लागली. मग बाकीचे तुटून पडले. पोर लवकर मेलं नाही. स्वतःच्याच दगडाला मिठी मारून होतं.

मेल्यावर रीतीप्रमाणं हलगी सुरू झाली आणि कुणीतरी ओवाळायचं ताट पुढं केलं. गोमाईनं कोयता उचलला. पहिल्या वारात हलगी फाटली. नाईक प्रेत उचलायला वाकला होता, दुसरा वार त्याच्या मनगटावर. पंजा कातड्याला लोंबायला लागला. मग ती लेकाच्या उशाशी बसली, कोयता मांडीवर.

"रडल्याबिगर याला कुणी हात लावायचा नाही," म्हणाली.

ऊन चढलं, माशा आल्या, प्रेत फुगायला लागलं. तिच्या जवळ जायची कुणाची छाती होईना. शेवटी नाईकाची बायको पुढं आली. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं, आवाजच फुटेना बाईचा. नुसती घरघर येत होती. फुटला तेव्हा मात्र डोंगरापल्याड ऐकू गेला म्हणे. मग एकेक बाई येऊन आपापल्या माणसाच्या दगडाला बिलगून रडायला लागली. कुणाचा भाऊ, कुणाचा बाप, कुणाचा दादला. सर्वांत शेवटी चांगो नाईक तुटका हात पोटाशी धरून खाली बसला आणि पोरांची नावं घेऊन हंबरडा फोडला. गोमाईनं त्याच्याकडे पाहिलं. माफ केलं असं कुणी सांगत नाही, मीही सांगणार नाही. तिनं कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "न्या आता."

दुसऱ्या दिवशी बायकांनी पहारी घेऊन सगळे दगड पालथे घातले. पुरुष बघत उभे राहिले. त्यानंतर इथं नवा वीरगळ घडला नाही.

आजही पाथरगोट्यात मयत झालं की तिरडी बांधून होते, मडकं तयार असतं, पण घरातली जवळची बाई "न्या" म्हणेपर्यंत कुणी खांदा देत नाही. कितीही वेळ लागू दे.

माझा धाकटा फौजेत होता. सरहद्दीवर स्फोटात गेला. झेंड्यात गुंडाळलेली पेटी आली. आत बघायचं नाही, असं सांगितलं. पुढारी आले, वीरमाता वीरमाता म्हणून भाषणं झाली, घोषणा झाल्या. आमची मंडळी पेटीवर डोकं टेकून होती. फौजेचे साहेब घड्याळ बघायला लागले, तेव्हा मी जाऊन त्यांना आमची रीत सांगितली. भला माणूस. टोपी काढून उन्हात उभा राहिला आणि घोषणा बंद करवल्या. मग ती रडली, गाव रडलं, तो साहेबही रडला. दिवस कलल्यावर ती "न्या" म्हणाली.

मी शेजारीच होतो. मला अजून वाटतं, तिनं आणखी थोडा वेळ थांबवायला हवं होतं.