काचघरातली चोरी

संक्रांतीला बागेतलं पिकलेलं खरबूज पाहिजे, असा हुकूम हिवरगडच्या धुंडिराजांनी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी काढला. खरबूज हे उन्हाळ्याचं फळ, आणि हिवरगड डोंगराच्या माथ्यावर. पौषातल्या पहाटे तिथं हौदाच्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. पण राजे सासऱ्यांसमोर बोलून बसले होते, की आमच्या बागेला ऋतूबितू लागत नाहीत. सासरे आबासाहेब शांतपणे म्हणाले होते, मग संक्रांतीला खरबूज खायलाच येतो.

हुकूम म्हाताऱ्या सखोबा माळ्याला मिळाला. फळ धरलं नाही तर बागेतलं खोपट सोडायचं आणि गडाखाली उतरायचं. सखोबाचा जन्म त्याच खोपटात झाला होता. मुलगा फौजेबरोबर लांब गेलेला. घरात तो आणि सून सगुणा, दोघंच.

राजांनी एक काम मात्र चांगलं केलं. बागेच्या दक्षिण अंगाला काचेच्या भिंतींचं आणि काचेच्या छपराचं एक घर उभं करून दिलं. दिवसभराचं ऊन त्यात कोंडून राहायचं. सखोबाने तिथं बिया लावल्या, वेल वर आले, दोऱ्यांवर चढले. काचेच्या आत मधमाश्या येत नव्हत्या, म्हणून सगुणाने नर फुलं खुडून स्वतःच्या हाताने मादी फुलांना लावली. बोराएवढी फळं धरली. सखोबा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

मग मार्गशीर्ष लागला आणि राजांना काचघराचा नाद लागला. रोज पहाटे ते दिवाण, मानकरी आणि हुजरे घेऊन यायचे. दार सताड उघडं टाकायचे आणि वेलांसमोर उभं राहून शेतीवर बोलायचे. बोलणं लांबायचं. बाहेरचा गारठा आत शिरायचा. वेलांचे शेंडे काळे पडू लागले, बरीचशी फळं गळून गेली.

सखोबाने दाराला जाड घोंगडी लावली. पाहायला अडचण होते म्हणून राजांनी ती काढायला लावली. झाडांना वारा लागतो, असं त्याने हात जोडून सांगितलं. राजे म्हणाले, माझ्याच बागेत मी येऊ नको की काय? सखोबा मुजरा करून मागं सरला. त्या संध्याकाळी तो खोपटातली भांडी बांधायला बसला.

सगुणाने भांडी परत मांडणीवर लावली आणि सकाळी ती दरबारात गेली.

तिने फिर्याद मांडली, की काचघरात रोज पहाटे चोरी होते. असंच चाललं तर संक्रांतीला खरबूज मिळणार नाही.

राजे ताडकन उठले. सासऱ्यांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा. चोराला काय शिक्षा, असं सगुणाने विचारलं. राजे म्हणाले, अंगावरची शाल काढून पहाटेच्या थंडीत हौदापाशी उभा करीन, आणि चोरलेला माल भरून घेईन.

"आणि चोर मोठ्या घरचा निघाला तर, महाराज?"

"कितीही मोठ्या घरचा असो. शिक्षा तीच."

दिवाणांनी तसं सगळ्यांना ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे राजे नेहमीपेक्षा लवकर आले. चोर पकडायचा म्हणून दुप्पट माणसं बरोबर होती. सगळे आत शिरले, दार उघडंच राहिलं. राजांनी कोपरे पाहिले, पाट्या उलट्या करून पाहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली आणि विचारलं, "कुठं आहे चोर?"

सगुणा म्हणाली, "महाराज आत आले तेव्हा इथं ऊब होती. आता नाही. मी दारातच उभी होते. महाराजांच्या मागचं दार उघडं राहिलं, तेवढ्यातून ती गेली."

मानकरी आपापल्या जोड्यांकडे बघू लागले. सखोबाने डोळे मिटून घेतले.

राजे हट्टी होते, पण शब्दाचे खोटे नव्हते. त्यांनी शाल उतरवली, ती दिवाणांच्या हातात दिली आणि चालत हौदापाशी जाऊन उभे राहिले. राजे उभे म्हणून सगळा दरबार उभा राहिला. ऊन अंगावर येईपर्यंत कुणाचेच दात स्थिर नव्हते.

"शिक्षा झाली," राजे कुडकुडत म्हणाले. "पण माल कसा भरून देऊ? ऊब काय कोठारात असते?"

"कोठारात नाही, महाराज. तबेल्यात असते," सगुणा म्हणाली. घोड्यांची ताजी लीद वाफ्यांखाली पुरली की ती आतून तापते आणि रात्रभर मुळांना ऊब देते, हे तिने समजावून सांगितलं. सखोबाने ती दोनदा मागितली होती; तबेल्याच्या दरोग्याने हाकलून दिलं होतं.

दुपारपर्यंत पाट्याच्या पाट्या लीद आली. ज्यांनी ज्यांनी पहाटे ऊब नेली होती त्यांनी ती वाहावी, असा राजांचा हुकूम होता. दिवाणांनी एक पाटी वाहिली आणि चार दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दाराला घोंगडी परत लागली. राजे रोज येत राहिले. पण बाहेर उभे राहून काचेला नाक लावून बघायचे.

गळून उरलेलं एकच फळ हळूहळू पिवळं झालं.

संक्रांतीला आबासाहेब आले. चांदीच्या ताटात खरबूज पुढं आलं. पिकलेलं होतं, वास सदरेवर दरवळत होता. पण आकाराने मुठीएवढंच होतं. आबासाहेबांनी ते उचलून जावयाकडे पाहिलं.

"एवढंसंच?"

राजांची मान खाली गेली. मागं उभी असलेली सगुणा पदर सावरून म्हणाली, "थंडीचे दिवस आहेत, सरकार. अंग चोरून बसलंय."

आबासाहेबांनी खरबूज परत ताटात ठेवलं आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग राजेही इतके हसले की फेटा सैल झाला. त्याच बैठकीत त्यांनी खोपट आणि भोवतालची जमीन सखोबाच्या घराण्याला कायमची दिली, आणि काचघराच्या दाराची किल्ली सगुणाच्या हातात ठेवली.