पेनिसिलीनबाई आणि बिनभिंतीचा जंतू

गुरांचे डॉक्टर औषधांची पेटी फटफटीला बांधून गावोगाव हिंडायचे, तेव्हाची ही गोष्ट. त्या पेटीत पेनिसिलीनबाईंचा मोठा मान. जंतूच्या अंगाभोवतीची भिंत पाडायची, की जंतू संपला. एवढं एकच काम त्यांना येई, पण चोख येई.

एकदा ठकूबाईची शेळी खोकू लागली. पेनिसिलीनबाई तिच्या छातीत हिंडून आल्या आणि म्हणाल्या, "एकही भिंत दिसली नाही. तिथे कुणी नाही."

चौथ्या दिवशी शेळी मेली आणि तिचं करडू खोकू लागलं.

"म्हातारीच होती शेळी," बाई फणकारल्या. "भिंतीवाचून कुणी राहतं होय?"

"राहतात, आक्का," कोपऱ्यातली टेट्रासायक्लिनची पिवळी बाटली म्हणाली. "तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तुमच्या मानापायी गप्प बसले. मी भिंत बघतच नाही. जंतू उघड्यावर राहिला, तरी शिजवून खाणारच. मी त्याची चूल विझवते."

डॉक्टरांनी तिला उचललं. चार दिवसांत करडू उड्या मारू लागलं.

पेनिसिलीनबाई अजूनही भिंतीच पाडतात. फक्त रिकाम्या हातानं परतल्या, की "तिथे कुणी नाही" असं म्हणत नाहीत. "मला दिसलं नाही," म्हणतात.